मदत हवी आहे: रुंद अलॉय आणि लोअरिंगनंतर स्टेअरिंग एका जागी राहत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात). आधी १५ इंची, साडेपाच इंच रुंद रिम, ऑफसेट (चाक हबवर टेकतं तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला) ४५, टायर १८५/६५. आता १६ इंची, सात इंच रुंद अलॉय, ऑफसेट ३५, टायर २०५/५०. स्प्रिंग बदलून गाडी साधारण ३५ मिमी खाली घेतलीय. शॉकअप मूळचेच.

कसारा घाटात गाडी वळणाला मस्त चिकटते, ते सुख सोडायचं नाहीये. त्रास मुंबईत होतो. कांदिवलीत काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या जोडावर चाक आलं की स्टेअरिंग त्या जोडामागे पळतं. एक चाक पेव्हर ब्लॉकवर आणि दुसरं डांबरावर असताना जोरात ब्रेक मारला, तर हाताला हिसका बसतो. उड्डाणपुलाच्या जॉइंटवर स्टेअरिंग घट्ट सरळ धरलं तरी गाडी क्षणभर बाजूला सरकते. डाव्या टायरची आतली कड हाताला करवतीसारखी लागते. अलाइनमेंटवाल्याच्या स्क्रीनवर मात्र सगळे आकडे हिरवे!

माझा हिशोब असा: रिम दीड इंच रुंद झाली, म्हणजे दोन्ही बाजूंना १९ मिमी. ऑफसेट १० ने कमी, म्हणून बाहेरची कड २९ मिमी बाहेर, आतली ९ मिमी आत. चाकाची मध्यरेषा १० मिमी बाहेर गेली, तेवढाच स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष आणि टायरचा मध्य यांच्यातलं जमिनीवरचं अंतर) बदलला. शिवाय गाडी उभी असताना लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर दिसतंय.

यातला कुठला त्रास चाकांचा आणि कुठला उंचीचा? एका वेळी एकाच गोष्टीवर खर्च जमेल. घरची मंडळी याच गाडीतून पावसात फिरतात, त्यामुळे 'चालतंय की' हे उत्तर नको.

प्रतिसाद:

आधी लोअर आर्मचे बुश (आतल्या टोकाचे रबरी सांधे) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा सांधा) तपासून घ्या. ते सैल असतील तर पुढचं सगळं निरर्थक.

मग जुनी चाकं चढवा, स्प्रिंग तशाच ठेवा आणि त्याच रस्त्यांवरून जाऊन या. जोडामागे पळणं आणि ब्रेकचा हिसका थांबला, तर कारण ऑफसेट आणि रुंद टायर. जॉइंटवरचं सरकणं उरलं, तर तो बंप स्टिअर, म्हणजे उंचीचा प्रश्न. टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोन जुळेनासे झाले की चाक वर-खाली होताना टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बदलतो. अलाइनमेंट मशीनवर दोघांना गाडीचा पुढचा भाग दाबायला सांगा आणि टोचा आकडा बघत राहा. उभ्या गाडीचा हिरवा आकडा यात काहीच सांगत नाही. आतली कड तशी झालीय म्हणजे टो-आउटचा (चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली असण्याचा) मला दाट संशय आहे.

माझं मत विचाराल तर पैसे आधी स्प्रिंगवर घाला आणि गाडी १५-२० मिमी वर आणा. मूळ शॉकअपची चाल एवढ्या खाली फारच कमी उरते, वळणात बंप स्टॉप (शॉकअपची चाल संपते तिथला रबरी अडथळा) लागला की पकड अचानक सुटते. चाकं नंतर घ्या: साडेसहा इंच, ऑफसेट ४० च्या वर, टायर १९५/५५. व्यास जवळजवळ मूळचाच येईल. स्ट्रटशी किती फट उरते ते आधी मोजा. फट कमी पडली म्हणून स्पेसर (चाक आणि हब यांच्यामधली चकती) मात्र घालू नका, चाक पुन्हा बाहेर जाईल.

टोचे आकडे मिळाले की इथे टाका, दाबलेल्या गाडीचे आणि न दाबलेल्याचे, दोन्ही.