‘सहनशील’ वाण म्हणजे नक्की काय?

प्रश्न : ‘कॅडमियमला सहनशील वाण’ असं वाचनात आलं. म्हणजे त्याच्या दाण्यात कॅडमियम उतरत नाही, असं समजायचं का?

उत्तर : नाही. हा शब्द असा वाचला जातो याची मला खरंच काळजी वाटते. ‘सहनशील’ हे विशेषण रोपाचं आहे, दाण्याचं नाही. कॅडमियमसारखा विषारी धातू जमिनीत असूनही रोप खुरटत नाही, मुळं वाढत राहतात, उत्पन्न फारसं घटत नाही, एवढंच त्यातून कळतं. धातू आत शिरला का आणि शिरून कुठे बसला, हे त्यातून कळत नाही.

घोटाळ्याचं मूळ आपल्या सवयीत आहे. ‘क्षारसहनशील’, ‘अवर्षणसहनशील’ हे शब्द आपण रोज वापरतो. तिथे पीक तगलं की काम झालं. कॅडमियमचं तसं नाही. भात हिरवागार उभा असतो, लोंब्या भरलेल्या असतात, आणि तरी तांदूळ खाण्यालायक नसतो. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे, आणि एवढ्याशा कॅडमियमने रोपाला काही होत नाही. जपानच्या तोयामा भागात खाणीच्या सांडपाण्याने बिघडलेलं जिंझू नदीचं पाणी भातखाचरांत जात होतं. तो तांदूळ खाऊन ज्या आजारात माणसांची हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली, त्याचं नाव ‘इताइ-इताइ’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. त्याचं कारण कॅडमियम असल्याचं तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं.

म्हणून विशेषण बाजूला ठेवून क्रियापद विचारावं, असं मला वाटतं. वनस्पती नेमकं काय करते? अडवते, कोंडते की साठवते?

अडवण्याचं उदाहरण गव्हाचं. आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम विरघळतो आणि मुळाच्या टोकाची वाढ खुंटवतो. गव्हाचे काही वाण त्या टोकातूनच मॅलेट नावाचं आम्ल बाहेर सोडतात. ते ॲल्युमिनियमला मातीतच धरून ठेवतं.

कोंडण्याचं उदाहरण भाताचं. मुळाच्या पेशीत एचएमए३ नावाचं प्रथिन असतं. ते कॅडमियम पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, ढकलतं आणि तो मुळातच राहतो. काही वाणांत हे प्रथिन निकामी असतं, मग कॅडमियम पाण्याबरोबर वर चढतो आणि दाण्यापर्यंत पोचतो. (‘रिक्तिका’ शब्दाबद्दल जाता जाता : नाव रिकामेपणाचं, पण पेशीची नकोशी अडगळ बहुधा तिथेच भरलेली असते.)

साठवणाऱ्या वनस्पती वेगळ्याच. टेरिस विटाटा हा नेचा आर्सेनिक (सोमलातलं विष) उचलून थेट पानांत भरतो आणि टवटवीत राहतो. यांना ‘अतिसंचयी’ म्हणतात, आणि हा शब्द मला आवडतो, कारण त्यात कृती दिसते. गंमत म्हणजे नेचाही ‘सहनशील’ आणि तो गहूही ‘सहनशील’! दोघांची कामं मात्र अगदी उलटी.

प्रश्न : मग ‘विष पचवतं’ म्हटलं तर? बोलायला सोपं आहे.

उत्तर : सोपं आहे, पण चुकीचं आहे. पचवणं म्हणजे मोडून दुसरं काही करणं. कॅडमियम मूलद्रव्य आहे, कोणतीही पेशी त्याला मोडू शकत नाही. ती त्याला फक्त बांधू शकते. त्यासाठी पेशीतल्या ग्लुटाथायोन नावाच्या गंधकयुक्त रेणूपासून फायटोकेलेटिन नावाच्या छोट्या साखळ्या तयार होतात. वनस्पतींमध्ये त्या १९८५ मध्ये ओळखल्या गेल्या. साखळीतलं गंधक धातूला घट्ट धरतं आणि ही मोट रिक्तिकेत नेऊन टाकली जाते. हलाहल शंकराने पचवलं असं आपण म्हणतो, पण कथेत त्याने ते कंठात धरलं. इथेही ‘धरलं’च म्हणावं.

प्रश्न : ‘जड धातू’ की ‘भारी धातू’?

उत्तर : रूढ आहे ‘जड’, तोच ठेवा. पण ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या जेमतेम २.७ पट, तो कुठल्याच अर्थाने जड नाही, आणि सोमलातलं आर्सेनिक धड धातूही नाही. मी शक्यतो त्या-त्या धातूचं नावच लिहिते.

प्रश्न : वाणाच्या माहितीपत्रकात मग काय लिहावं?

उत्तर : ‘दाण्यात कॅडमियम कमी उतरणारा वाण’. लांब आहे, पण ज्याला ते धान्य खायचं आहे त्याला हवं ते सांगतो. जपानमध्ये कोशिहिकारी भातापासून अशी रोपं मिळवली गेली, त्यांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुळं ज्या वाटेने मँगनीज आत घेतात त्याच वाटेने कॅडमियमही शिरतो, आणि या रोपांत ती वाटच बिघडलेली आहे. या भाताला ‘सहनशील’ म्हणायचं कारणच नाही. सोसण्याजोगं त्याच्या आत फारसं येतच नाही.