अनुभव लिहा: वस्तीत आरोग्याचं काम करताना (नागपूर)

मी आशासेविका, दिघोरी भागात फिरते. पावसाळा लागला की माझं निम्मं काम कूलरचं. उन्हाळा संपतो, कूलर खिडकीतच राहतो आणि टाकीत चार बोटं पाणी साचतं. मागच्या वर्षी एका काकूंनी दारातूनच सांगितलं, "आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे, बाई." खरंच होतं, फरशी लखलखत होती. पण डेंग्यूचा मच्छर साचलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो, हे त्यांना पटेना. मी टाकीतलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात धरलं. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या आणि त्यांनी आधी नातवाला आत ओढलं. मग दोघींनी मिळून टाकी रिकामी केली, काथ्यानं घासली. नुसतं ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात. अंड्याचा मच्छर व्हायला साधारण 8 ते 10 दिवस, म्हणून आठवड्यात एक कोरडा दिवस पाळायचा. आता मी पत्रक नंतर काढते, वाटी आधी.

तुमचेही अनुभव लिहा. लोकांनी ऐकलं नाही, तेसुद्धा.

निवृत्त आरोग्य कर्मचारी, पूर्व नागपूर
आम्ही हत्तीरोगासाठी रात्री रक्त घ्यायचो. या रोगाचे जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून 10 नंतर दार वाजवायचं. अंगावर कुत्री यायची, लोक चोर समजायचे. त्याहून अवघड काम गोळ्यांचं. "मला काही झालंच नाही, गोळी कशाला?" हे प्रत्येक गल्लीत. पाय सुजायच्या कितीतरी वर्षं आधी जंतू अंगात असतात, हे मी सांगून थकलो. मग एका वस्तीत पाय सुजलेले एक भाऊ आपणहून आमच्यासोबत निघाले. दारात उभे राहायचे, पायजमा वर करायचे आणि म्हणायचे, "माझ्या वेळी कोणी आलं नव्हतं." त्या गल्लीत एकाही घरानं नाही म्हटलं नाही. त्यांचा पाय बरा होणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तरी गोळ्या वाटायच्या दोन्ही दिवशी आले.

शिक्षिका, उत्तर नागपूर
हात धुण्याच्या पायऱ्या मुलांना पाठ झाल्या. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण साबण कुठे आहे?" मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी साबणाची वडी जुन्या पायमोज्यात घालून नळाला बांधली. अजून तशीच बांधतो.

सून, मानेवाडा
बाळाला जुलाब लागले तेव्हा सासूबाई पाणीच बंद करायला निघाल्या होत्या. आशाताईंनी ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजायला लावलं, झिंकच्या गोळ्या 14 दिवस दिल्या. आता शेजारणींना सासूबाईच सांगतात.

विद्यार्थी, इतवारी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडून घसा बसतो. मारबत म्हणजे रोगराई, वाईट गोष्टींचा पुतळा; मिरवणूक काढून जाळतात. नेमका तोच काळ डेंग्यूचा. दोन वर्षं झाली, मारबतीनंतरच्या सकाळी गल्लीतली पोरं पोतं घेऊन निघतात. टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या. यंदा एका आजीनं हाक मारून गच्चीवरचा फुटका रांजण दाखवला. तळाशी पाणी होतं, पाण्यात अळ्या.