मानसशास्त्र विभागाची मूल्ये: छापली म्हणजे झालं?

तिरकस:
शेजारच्या धाग्यावर एकांनी लिहिलंय की विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागाने वैज्ञानिक दृष्टी, सहसंवेदना, विविधतेचा आदर, समाजाशी बांधिलकी ही मूल्यं जाहीर केली की अर्धी लढाई जिंकली. एवढं भाबडं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

विविधता? २००८ साली याच विषयाच्या सहा नामांकित नियतकालिकांची पाहणी झाली. प्रयोगांत सहभागी झालेले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. निष्कर्ष मात्र ‘माणूस असा वागतो’! वैज्ञानिक दृष्टीचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये शंभर छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्क्यांत ठोस निकाल होता, दुसऱ्यांदा जेमतेम ३६ टक्क्यांत. हे सगळं चालू होतं तेव्हा मूल्यं भिंतीवर होतीच की.

ओंजळ:
तिरकसराव, ते शंभर अभ्यास पुन्हा केले कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच ना? स्वतःचं पितळ स्वतः उघडं पाडणारे विषय किती आहेत, मोजा जरा. आणि मूल्यं लिहिलेली नसतात तेव्हा काय होतं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या प्रयोगात दिसलं. पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्या, असं सहभागींना सांगितलं होतं. थांबू का विचारणाऱ्याला प्रयोग घेणारे ‘चालू ठेवा’ म्हणत राहिले. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. झटके खोटे होते, घाम खरा होता.

मास्तर:
ओंजळताई, थोडी दुरुस्ती. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची आचारसंहिता १९५३ मध्येच आली होती, मिलग्रॅमचे प्रयोग १९६१ मध्ये सुरू झाले. म्हणजे लिहिलेलं होतं.

तिरकस:
धन्यवाद मास्तर. माझं काम तुम्हीच केलंत.

रिकामटेकडा:
मिलग्रॅमचं सोडा, आमचं ऐका. पदवीच्या पहिल्या वर्षी प्रयोगांना बसल्याशिवाय गुण नाहीत. सीनियरांचे प्रबंध आमच्या जिवावर. एकदा तर प्रश्नावली इतकी लांब होती की कंटाळून शेवटपर्यंत तिसऱ्या पर्यायावर टिक करत गेलो. त्यावर कुणीतरी पीएचडी झाला असेल.

कातरवेळ:
म्हणजे ते ३६ टक्के तुझ्यामुळे होय!

मास्तर:
चेष्टा बाजूला. सहभागाला गुण असतील तर तोलामोलाचा पर्याय द्यावाच लागतो. त्याच संहितेत आहे. वाचायचे कष्ट घेतले असते तर कळलं असतं.

रिकामटेकडा:
होता ना पर्याय! वीस मिनिटांच्या प्रश्नावलीऐवजी एका शोधनिबंधाचा आठ पानी सारांश. वर्गात एकानेही घेतला नाही. मग विभाग म्हणतो, सगळे स्वेच्छेने आले. कष्टांचं मला शिकवू नका.

ओंजळ:
हे मात्र चूकच. पण म्हणून सगळ्या विभागांना झोडपणं कितपत बरोबर?

कातरवेळ:
मूळ मुद्द्यावर या जरा. माझी बहीण लोकांना मदत करायची म्हणून या विषयाकडे गेली. पहिली दोन वर्षं नुसतं सांख्यिकी. रडणाऱ्या माणसासमोर कसं बसायचं हे कुणी शिकवलंच नाही. सोडलं तिने. सहसंवेदना कुठल्या पेपरात होती?

मास्तर:
अमेरिकेत पदव्युत्तर प्रशिक्षण ठरवायला १९४९ मध्ये भरलेल्या बोल्डर परिषदेपासून ठरलंय की क्लिनिकलवाल्याने, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्याने, संशोधकही असावं आणि उपचारकही. सांख्यिकी नको असेल तर कुठला उपचार चालतो आणि कुठला नाही, हे ठरवणार कसं? कौल लावून?

कातरवेळ:
पदव्युत्तरचे नियम पदवीला लावू नका. आणि बहिणीवर घसरू नका.

मास्तर:
घसरलो नाही. तिला पहिल्याच वर्षी कुणीतरी माणसांसमोर बसवायला हवं होतं, एवढं मान्य.

तिरकस:
मास्तरांनी ‘मान्य’ लिहिलं! मग मीही देतो. मूल्यं छापाच. तक्रार अर्जात उतरवून घ्यायला उपयोगी पडतील. पण आधी तो आठ पानी सारांश रद्द करा.

मास्तर:
पाच पानी केला तर?

रिकामटेकडा:
वीस मिनिटांचं काम. पान एक.