कामशेतनंतर पुढे काय? समुद्राकाठच्या डोंगरावर पॅराग्लायडिंगची सुट्टी कोणी केलीय का

टेकडीवाली_पाषाण
नमस्कार मंडळी. गेल्या सीझनला कामशेतला पी वन, पी टू (पॅराग्लायडिंगचे सुरुवातीचे दोन कोर्स) केले, सगळं मिळून चौदा तास झालेत हवेत, ग्लायडर ईएन ए (नवशिक्यांसाठीचा प्रकार), सेकंडहँड घेतलाय (घरी सांगितलेली किंमत वेगळी आहे, ते जाऊ दे). आता डोक्यात किडा वळवळतोय की एकदा मोठ्या डोंगरावरून उडायचं आणि खाली समुद्र पाहिजे. तुर्कस्तानातलं ओलुदेनिझ सगळीकडे दिसतं, बाबादाग डोंगरावरून उडून थेट बीचवर उतरतात ते. ह्यावर्षी दिवाळी नोव्हेंबरात आहे, मुलांना सुट्टी, तेव्हा सात दिवस जमतील. नवरा उडत नाही, तो म्हणतो मी खाली खुर्चीत बसून तुझे फोटो काढीन. मुलं अकरा आणि सहा. मोठ्याला टँडम (पायलटबरोबर दोघांनी उडायचं) करायचंय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. तर नोव्हेंबर चालेल का, स्वतःचं किट न्यावं की तिथे भाड्याने घ्यावं, आणि माझ्याएवढ्या अनुभवावर हे झेपेल का? खरं सांगा, गोड बोलू नका.

हवेतला_कोथरूडकर
ताई मी 2023 च्या ऑक्टोबरात गेलो होतो, सात दिवस, त्यातले चार उडालो. हा आकडा आधी लक्षात घ्या बाकी सगळं नंतर. एक दिवस ढग डोंगरावर बसलेला, एक दिवस वारा उलटा, एक दिवस माझंच पोट बिघडलं. आपले लोक सात दिवसांचं तिकीट काढतात आणि सातही दिवस उडायचं ठरवतात आणि पाचव्या दिवशी वारा नीट नसतानाही टेकऑफवर जाऊन उभे राहतात कारण पैसे भरलेत ना. तिथेच गडबड होते.

डोंगर 1969 मीटर, समुद्र पाच किलोमीटरच्या आत. टेकऑफ 1200, 1700, 1800 आणि 1900 वर, वारा बघून कुठला ते ठरतं. पुणेरी हिशोबात सांगतो, सिंहगड पायथ्यापासून साडेसातशे मीटर धरा, असे अडीच सिंहगड एकावर एक ठेवायचे आणि वरून उडी मारायची. ग्लायडर शांत हवेत सेकंदाला मीटरभर खाली येतो म्हणजे थर्मल (वर चढणारी गरम हवा) नाही मिळाला तरी अर्धा तास हवेत. कामशेतला आपण टेकडीच्या पुढ्यात रिजवर (कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर) येरझाऱ्या घालतो, लँडिंग पायाखालीच दिसत असतं, इथे पहिल्या दिवशी खाली बघितल्यावर माझे हात ब्रेकवर असे आखडले की संध्याकाळी जेवताना काटा धरवेना.

2021 पासून वर जायला केबल कार झालीय, आधी मिनीबसने हाडं खिळखिळी व्हायची म्हणतात. आणि जाकीट न्या, मे असो ऑक्टोबर असो. हजार मीटरला साडेसहा अंश थंडी वाढते, म्हणजे बीचवर लोक चड्डीवर आणि वर बारा अंश कमी. मी टीशर्टवर गेलो होतो, शहाणा.

लँडिंगची फजिती पण सांगतो. आपल्याकडे दुपारी पश्चिमेचा वारा ठरलेला, त्याच सवयीने मी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा) न बघता उतरायला वळलो आणि सरळ एका हॉटेलच्या आरामखुर्च्यांत जाऊन बसलो. एका आजीबाईंचं सरबत सांडलं. त्या हसल्या म्हणून वाचलो.

निवांत_काका_सदाशिव
पैसे जास्त झालेत का? तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून 2025 च्या मे महिन्यात मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घ्यायची बंद केली आणि तुम्ही तिथे सुट्टीला निघालात. माझं स्पष्ट मत, जाऊ नका. बाकी तुमची मर्जी.

हवेतला_कोथरूडकर
काका मी 2023 ला गेलो होतो हो, तेव्हा सफरचंदं मिळत होती.

व्हेरिओ_पींपीं
काकांचा मुद्दा ज्यांना पटतो त्यांच्यासाठी स्पेनचं अल्गोदोनालेस सांगते. दक्षिणेला, कादिझ प्रांतात, पांढऱ्या भिंतींचं छोटं गाव, मागे सिएरा दे लिहार डोंगर. त्याची मजा म्हणजे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून टेकऑफ आहेत, त्यामुळे वारा फिरला तरी दिवस फुकट जाईलच असं नाही. थंडीत उत्तर युरोपातले लोक झुंडीने येतात. समुद्र खिडकीतून दिसत नाही, गाडीने तास-दीड तास, पण खाली ऑलिव्हच्या बागा आणि वर गिधाडं, थर्मल कुठे आहे ते तीच दाखवतात, आपल्याकडच्या घारींसारखं. लेवांते म्हणजे पूर्वेचा वारा जोरात सुटला की मात्र गाशा गुंडाळायचा आणि रोंदा शहर बघायला जायचं. शेजारचं ग्रासालेमा स्पेनमधल्या सगळ्यात पावसाळी गावांपैकी एक आहे हेही ऐकून ठेवा, नंतर मला शिव्या नकोत 😄

व्हिसा: स्पेनला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) व्हिसा लागतो, अपॉइंटमेंट लवकर बघा. तुर्कीचा ई-व्हिसा आपल्या पासपोर्टवर तेव्हाच मिळतो जेव्हा शेंगेन, अमेरिका, यूके किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा हातात असतो, नाहीतर रीतसर स्टिकर व्हिसा. हे माहीत नसताना माझ्या ओळखीच्या एकीने आधी तिकिटं काढली होती.

आता ताईंचा मुख्य प्रश्न. नोव्हेंबर ओलुदेनिझला उशीर आहे हो. एप्रिल ते ऑक्टोबर तिथला खरा सीझन, त्यांचा पाऊस आपल्या उलट, थंडीत पडतो. मग मे मध्ये का नाही जात? मुलांना मोठी सुट्टी, हवा छान, समुद्र जरा गार असतो एवढंच. शिवाय ऑक्टोबरपासून कामशेत चालू झालं की मेपर्यंत तुमचे चौदाचे चाळीस तास होतील. चौदा तासांवर एकटीने जाऊ नका, इन्स्ट्रक्टर बरोबर असलेल्या ग्रुपमध्येच जा, रेडिओवर कोणीतरी आपल्याला ओळखणारं पाहिजे.

टेकडीवाली_पाषाण
मे! हे डोक्यातच आलं नाही, दिवाळी दिवाळी करत बसले. एक विचारू का, तिथे सगळे एसआयव्ही (हवेत ग्लायडर बिघडला तर सावरायचा कोर्स) करतात म्हणे, मी पण करू का लगेहात?

व्हेरिओ_पींपीं
करा पण पहिल्या दोन दिवसांत नको, आणि त्या हवेला जरा सरावल्यावर. एसआयव्हीत मुद्दाम ग्लायडर कोलॅप्स करायला, म्हणजे हवेत मिटवायला लावतात, सगळं पाण्यावर, खाली बोट उभी असते आणि अंगात लाइफ जॅकेट. ते जॅकेट शोभेचं नाही. हार्नेसच्या (आपण बसतो त्या पट्ट्यांच्या आसनाच्या) पाठीत फोम असतो तो पाण्यात तरंगतो आणि माणसाला पालथं पाडतो, तोंड पाण्यात. म्हणून साध्या फ्लाइटलाही समुद्रावर फार आत जायचं नाही, उंची हातात ठेवून बीचकडे यायचं. आणि पडलोच तर बकल कुठली आधी सोडायची हे घरी पंख्याच्या हुकाला हार्नेस टांगून डोळे मिटून दहा वेळा करा. मी केलंय. शेजारच्यांना वाटलं काहीतरी भलतंच चाललंय.

हवेतला_कोथरूडकर
किटचं राहिलं. स्वतःचंच न्या. ज्या ग्लायडरची सवय आहे त्याच्यावरच नवीन जागी उडावं, दोन्ही गोष्टी एकदम नवीन नकोत. ग्लायडर, हार्नेस, रिझर्व्ह (अडचणीसाठीचं जादा पॅराशूट), हेल्मेट धरून पंधरा-वीस किलो होतं, म्हणजे तुमची बॅग तेवढ्यातच संपली, कपडे नवऱ्याच्या बॅगेत. रिझर्व्ह जायच्या आधी रीपॅक करून घ्या.

इन्शुरन्स नीट वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स बहुतेक वेळा बाहेर ठेवलेले असतात. माझ्या पॉलिसीत चौदाव्या पानावर बारीक अक्षरात होतं, मी परत आल्यावर वाचलं 🙏 आणि आयपीपीआय कार्ड काढून ठेवा, बाहेरच्या देशात आपलं रेटिंग त्यावरून समजतं.

मुलाचं टँडम सकाळी लवकरचं घ्या. दुपारी ऊन तापलं की डोंगराजवळ हवा उसळते, आपल्याला मजा येते पण अकरा वर्षांच्या पोराला ओकारी येते. फोटो-व्हिडिओचे पैसे वेगळे मागतात, आधीच विचारा.

निवांत_काका_सदाशिव
ते पंख्याच्या हुकाचं वाचून एकच सांगतो, आमच्या वाड्यात हुक 1952 चे आहेत, त्यावर पाळणाही टांगत नाही. हुक तपासा आधी.

टेकडीवाली_पाषाण
काका 😂 आमचा फ्लॅट नवीन आहे, पण तपासते. ठरलं मग, मे. ओलुदेनिझ की स्पेन ते नवऱ्यावर सोडते, त्याला खुर्ची आणि समुद्र पाहिजे म्हणजे बहुतेक कुठे ते कळलंच. सासूबाईंना आज सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला घेऊन जाणार की नाही?" आता टँडमला वयाची अट असते का ते बघते.

हवेतला_कोथरूडकर
आजींच्या गुडघ्यांचं विचारा आधी, टेकऑफला चार पावलं तरी पळावं लागतं. आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं लोणावळा लोकलने कामशेतला जातोय, टॉवर हिलवर ग्राउंड हँडलिंग, म्हणजे न उडता जमिनीवर ग्लायडर हाताळायचा सराव. पावसाळ्यात सगळ्यांचेच हात गंजलेत. यायचं असेल तर शिवाजीनगरला भेटा, शेवटच्या डब्यात, मोठ्या बॅगा दिसतीलच.