खिद्रापूरला अर्धा तास पुरत नाही

नरसोबाच्या वाडीहून परतताना कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर अर्ध्या तासात उरकता येते, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. 48 खांबांच्या स्वर्गमंडपात छताच्या गोल झरोक्याखाली तशीच गोल शिळा आहे, आणि तिच्यावरचे ऊन हळूहळू सरकताना पाहायचे तर निवांतपणे बसावेच लागते. माझ्या आईने तिथल्या एका खांबावरून हात फिरवला, तेव्हा आरशासारख्या गुळगुळीत दगडात तिच्या बांगड्यांची सावली हलताना दिसली. गाभाऱ्यात कोपेश्वर शिव आणि धोपेश्वर विष्णू अशी दोन लिंगे आहेत. समोर नंदी मात्र नाही. शिवाय गावातच आदिनाथाची प्राचीन, तितकीच कोरीव जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे, तिकडे बहुतेक जण फिरकतही नाहीत, याचे फार वाईट वाटते.