मदत हवी आहे: नाशिकच्या गोदाघाटावर पहाटेचं शूट, फिल्मची फक्त सुरुवात

नमस्कार मंडळी. वर्गाच्या प्रोजेक्टसाठी थ्रिलरची पहिली २ मिनिटं करायची आहेत, टायटल्स त्यातच. पहाटे रामकुंडाजवळ एका मुलीला बेवारस पिशवी दिसते. आत फोन वाजतोय, स्क्रीनवर तिचाच फोटो. कट, आणि फिल्मचं नाव. पुढची गोष्ट लागत नाही.

आम्ही चौघं, एक मोबाइल, ट्रायपॉड, कॉलर माइक. लाइट भाड्याने घेणं बजेटबाहेर. टेस्टमध्ये सेकंदाला २४ फ्रेमवर घाटावरचे दिवे लुकलुकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं, ते थांबलं. आवाजाला मात्र इलाज नाही: घंटा, गाड्या, माणसं. म्हणून संवादच काढले (स्क्रिप्ट सुधारली, खरं तर). दशक्रियेला आलेल्या लोकांवर कॅमेरा जाऊ द्यायचा नाही, हे पक्कं.

सरांना लेखी परवानगी हवी आहे. कॉलेजचं पत्र तयार आहे. इतक्या छोट्या शूटसाठी अर्ज महापालिकेत द्यायचा, पोलीस ठाण्यात, की दोन्हीकडे? आणि घाट नाहीच मिळाला तर सोमेश्वरच्या बाजूला पहाटे मोबाइलला पुरेल इतका उजेड असतो का?