‘गिलोटिन’ला मराठीत काय म्हणाल?

लेखणीबहाद्दर: लोकसभेच्या कामकाजावरचा एक लेख अनुवादाला आलाय. नेमलेली मुदत संपली की उरलेल्या सगळ्या अनुदानाच्या मागण्या (खात्यांच्या खर्चासाठी सरकार सभागृहाकडे मागतं ती रक्कम) चर्चेविना एकगठ्ठा मतास टाकतात, ते ‘गिलोटिन’; नाव मान छाटायच्या फ्रेंच यंत्रावरून. मी शब्द तसाच ठेवला होता, संपादकांनी ‘चर्चाकपात’ केलं. मला खटकतंय.

खडूस: खटकायलाच हवं. ‘कपात सूचना’ वेगळी. मागणीतली रक्कम कमी करा म्हणून सदस्य देतात ती. गिलोटिन पडलं की त्या सूचनाही गेल्या! पैशाला ओरखडा नाही, मुंडकं उडतं ते बोलू पाहणाऱ्याचं.

तात्या: मग ‘मुंडीछाट’ म्हणा की :)

शमा_७: आजी ‘घिसाडघाई’ म्हणायची. घिसाडी लोखंड तापलेलं असेतो भराभर ठोकतात, त्यावरून आलाय.

खडूस: ही व्युत्पत्ती जो तो सांगतो, पुरावा कोणी देत नाही. शिवाय गिलोटिन म्हणजे घाई नव्हे, तो नियम आहे. नियम २०८. शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्षांना उरलेल्या मागण्या मतास टाकाव्याच लागतात.

शमा_७: नियमाने केलेली घाई ही घाई नसते का? २३ मार्च २०२३ आठवा. गदारोळात सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च, केंद्राच्या एकाही खात्यावर चर्चा नाही. २०१८ मध्येही तेच.

खडूस: तिथे ‘घिसाडघाई’ जरूर लिहा. पण ते शेरा मारणं झालं. अनुवादात मूळ लेखकाने मारला नसेल तर आपण कोण?

तात्या: ज्यांच्यावरून यंत्राला नाव पडलं ते डॉ. गिलोतां बिचारे मृत्युदंडाच्याच विरोधात होते म्हणे, यंत्रही त्यांनी शोधलेलं नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

लेखणीबहाद्दर: ‘उर्वरित मागण्या विनाचर्चा पारित’ असं फोडून लिहिलं तर?

मराठीनिष्ठ: ‘पारित’ हिंदीतून घुसलंय. ‘संमत’ लिहा.

शमा_७: गोंधळात आवाजी मतदानाने उरकलेल्याला ‘संमत’? त्यात संमती ऐकू येते हो. ‘मंजूर’ बरा.

मराठीनिष्ठ: म्हणजे हिंदी नको म्हणून अरबी?

खडूस: ‘मंजूर’ हाकलणार असाल तर ‘कायदा’ही हाकला, तोही तिकडूनच आलाय.

मराठीनिष्ठ: ‘कायदा’ रुळलाय.

खडूस: आणि ‘मंजूर’ काय परवा आला?